रत्नम्माच्या मातीला कोण बोलणार

मुखेड,
ता. ८ फेब्रुवारी १९८३

चि. पंचफुला हिला बाबांचे अ. आ. आणि प्रभूच्या नावात सलाम. वि. वि.

तू एस.टी.त बसलीस त्याला आठवडा होत आला. लातूरची गाडी सरळ मिळाली की अहमदपूरला बदलावी लागली, ते कळवलं नाहीस. तुझी आई दारात बसून विचारत असते.

आपल्या चर्चच्या मंडळीतल्या नागुबाईच्या मातीची चर्चा गावात अजून चालू आहे. दुष्काळानं जमीन वाळून अशी घट्ट झालेली, की खड्डा खणताना पहारी वाकल्या. पण ते कोणी बोलत नाही, बोलतात ते तुझ्या उपदेशाबद्दल. शंकरप्पा मंडळीचा वडील माणूस. त्याने मला थांबवून तुला उभं राहायला सांगितलं, तेव्हा मी काही मनात आणलं नाही. तू शिकून आलीस, लातूरच्या चर्चमध्ये सेवा करतेस, दोन शब्द बोलावेस हे योग्यच. पण तू दोनच शब्द बोलली नाहीस.

माणूस गवतासारखा आहे, सकाळी उगवतो आणि सांजेला वाळतो, हे मी या गावात प्रत्येक कबरीजवळ सांगत आलो. लोक मान हलवतात आणि घरी जातात. तू म्हणालीस, की यंदा वैरणीच्या एका पेंढीसाठी तुम्ही किती गावं हिंडता ते आठवा. देवाने माणसाला गवत म्हटलं ते हलकं म्हणून नव्हे, थोडे दिवस टिकतं तरी त्याच्यावाचून चालत नाही म्हणून. बाया रडल्या. मलाही पटलं, आणि पटलं म्हणूनच राग आला. एवढ्या वर्षांत हे मला का सुचू नये? त्या दिवशी मला भाकर गेली नाही. लिहू नये, पण लिहितो.

आता तुझी आई सांगते तसं लिहितो. पोर लई छान बोलली. तिचा आवाज पार मागच्या बायांपर्यंत गेला. तिला म्हणावं, दर महिन्याला येत जा. (आवाज माझाही जातो. हे माझं.)

प्रकृतीला जप. आम्हा दोघांची आठवण ठेव.

तुझे बाबा,
साहेबराव

----

लातूर,
ता. १७ फेब्रुवारी १९८३

ती. बाबांस पंचफुलाचा शि. सा. सलाम. वि. वि.

पत्र वाचून आधी हसू आलं, मग वाईट वाटलं. गाडी सरळ मिळाली. ऑगस्टात जिल्हा झाल्यापासून लातूरला गाड्या वाढल्यात, दर दुसऱ्या बंगल्यावर कुठल्या तरी कचेरीची पाटी लागली आहे. पाण्याची रांग मात्र मुखेडसारखीच. साहेबांच्या बायकाही घागरी घेऊन उभ्या असतात.

बाबा, मी बोलायचं मागितलं नव्हतं. शंकरप्पाकाकांनी मला पुढे केलं आणि तुम्ही मान डोलावली. तुम्ही नको म्हटलं असतं तर मी बसले असते. तुम्हाला वाटत असेल की लेक इथे दर रविवारी मोठमोठे उपदेश देते. इथले पाळकसाहेब मला लहान मुलांच्या वर्गापुढे जाऊ देत नाहीत. त्यांच्या जागेकडे बघून माझाही जीव जळतो. तेव्हा हेवा करण्यात मी तुमचीच लेक आहे.

आईच्या पायांवर सूज होती. ती उन्हाची म्हणते, मला तसं वाटत नाही. तिला नांदेडला मोठ्या डॉक्टरांना दाखवा. आणि पाणी तिला भरू देऊ नका.

आईच्या गालावरून माझा हात. तुमचा राग ओसरला की दोन ओळी टाका.

पंचफुला

----

मुखेड,
ता. २० मार्च १९८३

चि. पंचफुलास अ. आ. वि. वि.

रत्नम्माला नांदेडला नेऊन आणलं. तिचं हृदय थकलं आहे. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, की पावसाळा दिसेल असं धरून चालू नका. मी तिला काही बोललो नाही, पण तिनं माझं तोंड पाहिलं आणि ओळखलं.

घरी आल्यावर शंकरप्पा भेटायला आला, त्याच्यासमोर म्हणाली, की माझ्या मातीला पंचफुलानं बोलावं, यांनी न्हाई.

पोरी, मी परक्यांच्या कबरींवर उभा राहिलो. पटकीच्या साथीत रोज उभा राहिलो. दुसऱ्या गावांनी मला बैलगाडी पाठवून नेलं. आणि माझ्या बायकोला मी नको. शंकरप्पा खाली बघत होता. तो गेल्यावर मी तिला कारण विचारलं, तर म्हणाली की तुम्हाला सांगून कळायचं न्हाई.

तू तिची लाडकी, मला माहीत आहे. तुझा आवाज गोड, तुझं शिक्षण झालेलं. सगळं मान्य. पण एवढं एक माझ्याकडे राहू दे. तू तिला सांग, की तुला जमणार नाही. तू सांगितलंस तर ती ऐकेल. मी तिच्याशी दोन दिवस बोललो नाही, आता बोलतो आहे. तिला पाणी मीच पाजतो.

वाट पाहणारा,
बाबा

----

लातूर,
ता. ५ एप्रिल १९८३

ती. बाबांस शि. सा. सलाम. वि. वि.

रविवारी तुम्ही पलीकडच्या गावी उपासनेला गेला होतात तेव्हा मी येऊन गेले, हे आईनं सांगितलंच असेल. तुम्ही म्हणालात तसं मी तिला सांगून पाहिलं. मला जमणार नाही म्हटलं. तिनं माझा हात धरून ठेवला आणि नरसिंगदादाचं काढलं.

तुमचा तो मुलगा तापानं गेला तेव्हा मी पाळण्यात होते. आई म्हणाली, की त्याच्या मातीला तुम्ही उभे राहिलात आणि फार चांगलं बोललात. सगळी मंडळी तुमचं धैर्य वाखाणत होती. ती खाली मातीत बसली होती. ती सारखी वर बघत होती, की हे आता खाली बसतील, आता माझ्याजवळ बसतील. तुम्ही बसला नाहीत. घरी आल्यावरही लोक भेटायला येत राहिले आणि तुम्ही त्यांना धीर देत राहिलात. तुम्ही त्याच्यासाठी रडलात की नाही, हे तिला आजवर माहीत नाही.

तिचं एवढंच म्हणणं आहे, की माझ्या वेळेला त्यांनी बसावं. त्यांना उभं राहायला मिळालं की ते बसायचे न्हाईत.

तुम्हाला राग येईल, पण तिचे शब्द गाळून पाठवणं मला बरं वाटलं नाही. बाबा, तुम्हाला माझ्या उभं राहण्याचा हेवा वाटतो. मलाही आईजवळ बसायचं आहे. ती जाईल तेव्हा मला वचनं शोधायची नाहीत, तिच्या पायांशी पडून रडायचं आहे. ती जागा तिनं तुम्हाला दिली. या वेळी हेवा मला वाटतो.

मी तिला हो म्हटलं आहे. क्षमा करा.

पंचफुला

----

मुखेड,
ता. १४ मे १९८३

चि. पंचफुलास बाबांचे अ. आ. वि. वि.

तुझ्या आईची माती झाली आणि तू लातूरला परत गेलीस, तेव्हापासून घरात माणसं येत आहेत. मी फार बोलत नाही. शंकरप्पाची बायको भाकरी आणून देते.

तुला एक सांगायचं राहिलं. तू इथे होतीस तेव्हा तोंडाने निघालं नाही.

त्या दिवशी मी रत्नम्माच्या उशाशी बसलो ते राजीखुशीने नव्हे. तू उभी राहिलीस आणि मी तुझं एकेक वाक्य पारखत होतो. इथे घाई झाली, हे वचन नंतर घ्यायला हवं होतं, असं चाललं होतं मनात. बायकोचा चेहरा होता समोर, अजून न झाकलेला, आणि मी हे करत होतो. मग तू तिच्या हातांबद्दल बोलायला लागलीस आणि मध्येच थांबलीस. तू पदर तोंडाला लावून उभी राहिलीस. तुझे डोळे मिटलेले होते, म्हणून तुला दिसलं नाही. सगळी मंडळी माझ्याकडे बघत होती. शंकरप्पाने मला खूण केली. पुढचं वाक्य माझ्या तोंडाशी होतं. फेब्रुवारीपासून मी याचीच वाट बघत होतो, हे मला त्या क्षणी कळलं.

उठलो असतो तर लोक म्हणाले असते की बाप लेकीच्या मदतीला उठला. तसं नसतं, हे मला एकट्याला माहीत असतं. मी उठलो नाही. तुला तसंच उभं राहू दिलं आणि रत्नम्माच्या कपाळावर हात ठेवला. ते गार होतं. बाहेर एवढं ऊन, आणि ते गार होतं. मग मला काही आवरेना.

तू पुन्हा बोलायला लागलीस एवढं कळलं. पुढचं मी ऐकलं नाही. कोणी तरी मला धरलं होतं. लोक सांगतात की तू शेवट फार चांगला केलास, पण काय म्हणालीस ते कोणाला धड सांगता येत नाही.

आठवत असेल तसं लिहून पाठव. मला ऐकायचं आहे.

तुझ्यावाचून आता मला कोणी नाही, म्हणून पत्राला उशीर करू नकोस.

तुझे बाबा,
साहेबराव