काठी खाली ठेवून

नाशिक, दि. ५ डिसेंबर २०२४

ती. अप्पांस प्राजक्ताचा सा. न. वि. वि.

आपले पत्र पोहोचले. मराठी मंडळाच्या २६ जानेवारीच्या कार्यक्रमात माझे कॉलेजातले रिमोटचे छोटे विमान आपण स्वतः उडवणार, हे वाचून आधी हसू आले आणि मग भीती वाटली. माळ्यावर पडून त्याचा रिसीव्हर निकामी झाला असणार, म्हणून नवा पाठवते आहे. आपल्या हातातल्या ट्रान्समीटरचा संदेश विमानात हाच घेतो. फोनवर सांगणे सोपे होते. पण मोबाइलवरच्या बोलण्याला विरामचिन्हे नसतात म्हणून आपण तो उचलत नाही, तेव्हा लिहिते.

विमानाच्या नाकावर मोटारीला लावलेले प्रोपेलर आधी काढून ठेवावे. ते न काढता बॅटरी मुळीच जोडू नये. ते विळीसारखे कापते. मग ट्रान्समीटरवरची वेगाची काठी खाली ठेवून रिसीव्हर ट्रान्समीटरशी जोडावा. त्या क्षणी काठी जिथे असेल ती जागा रिसीव्हर लक्षात ठेवतो आणि पुढे कधी संदेश तुटला तर मोटारीला तेवढाच वेग देतो. काठी खाली असली तर मोटार थांबते. शेवटी ट्रान्समीटर मुद्दाम बंद करून ती थांबल्याची खात्री करावी.

आईला दोन ओळी लिहायला सांगावे. या पत्राचे आपण काय कराल ते ठाऊक आहे, तरी लोभ आहे असे समजते.

आपली,
प्राजक्ता

*

सुरत, दि. १३ डिसेंबर २०२४

चि. प्राजक्ता हिस अ. उ. आ.

तुझे पत्र तांबड्या शाईने दुरुस्त करून सोबत परत पाठवीत आहे. विमाने उडविणाऱ्या मुलीला जमिनीवरील मराठी येऊ नये, याचा खेद वाटतो.

'प्रोपेलर' हा शब्द तू नपुंसकलिंगी योजला आहेस. कोणत्या आधारावर? ट्रॅक्टर पुल्लिंगी, कंडक्टर पुल्लिंगी, आणि तुझे प्रोपेलर मात्र 'ते'! ज्या वाक्यात कर्माचे लिंगच चुकले आहे, त्या वाक्याची आज्ञा मी पाळीत नसतो. लिंगनिश्चिती होईपर्यंत ती वस्तू आहे तेथेच राहील.

दुसरा दोष अधिक लाजिरवाणा आहे. 'काठी खाली ठेवून' म्हणजे काय? यंत्राला जडलेली काठी मनुष्य खाली ठेवणार कशी? ती काय छत्री आहे? हे 'खाली' कोठून आले, ते मी ओळखले. तुझी आई पर्वत पाटियाच्या साडीबाजारात हिंडून 'खाली चहाच घ्या', 'खाली पाच मिनिटं बसा' असे बोलत असते. गुजरातीतील 'खाली' म्हणजे नुसते, रिकामे. आईचे दूध आणि आईच्या चुका एकाच वेळी पोटात गेल्या. तुला 'मोकळी' म्हणावयाचे होते. म्हणून 'काठी मोकळी सोडून' अशी दुरुस्ती केली आहे. कृती दुरुस्त वाक्याप्रमाणेच करीन.

तुझ्या आईने शेवटी दोन ओळी लिहिल्या होत्या. पहिल्याच शब्दात, 'आशिर्वाद' यात, शि ऱ्हस्व. त्या ओळी कात्रीने कापून टाकल्या. म्हणून कागद आखूड आहे. चाळीस वर्षांच्या संसारात ज्या बाईला एक दुसरी वेलांटी साधली नाही, तिने भाजी चिरावी.

लोभ असावा, आणि तो शुद्ध असावा.

तुझा,
अप्पा

*

नाशिक, दि. १९ डिसेंबर २०२४

ती. अप्पांस सा. न. वि. वि.

प्रोपेलर पुल्लिंगी. मान्य. आता तो काढावा.

'खाली' म्हणजे 'वर'च्या विरुद्ध. काठी आपल्याकडे ओढून अगदी तळाशी टेकवावी. वेगाच्या काठीला स्प्रिंग नसते. मोकळी सोडली तर ती सोडाल तेथेच थांबते. मध्ये सोडलीत, तर रिसीव्हर तेच लक्षात ठेवील आणि ट्रान्समीटर बंद होताच मोटार अर्ध्या वेगाने सुटेल. काठी एकदा तळाला आल्याशिवाय मोटार सुरूच होत नाही, म्हणून तोवर चूक कळणारही नाही.

आपल्या सोयीसाठी व्याकरणही देते. बोट नपुंसकलिंगी आहे. एक तुटले तर 'बोट गेले', अधिक तुटली तर 'बोटे गेली'. वचन बदलते, लिंग बदलत नाही.

आईला म्हणावे, कागद आखूड आला तरी पोहोचला. आपल्यावरचा लोभ कोणत्या विभक्तीत घालावा, ते अजून ठरत नाही.

प्राजक्ता

*

सुरत, दि. २४ डिसेंबर २०२४

प्राजू, आईचे आशिर्वाद.

कापायला कोणी घरात नाही, म्हणून लिहिते. शनिवारी सकाळी ते विमान घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसले. मी खाली एवढंच म्हटलं, की पोरीने आधी पंखा काढायला सांगितलंय. तर म्हणाले, की त्याचं लिंग अजून ठरायचंय, आणी बायकांनी यंत्रात बोलू नये. काठी मधेच मोकळी सोडली होती. जोडणी झाली. मग काठी तळाला ओढली, तेव्हा मोटार गप्प होती. मला म्हणाले, की बघ शकुंतला, शुद्ध भाषा यंत्रालाही कळते. मग उजव्या हाताने विमान नाकाशी धरलं आणी डाव्या हाताने ट्रान्समीटर बंद केला.

तांबड्या शाईची बाटलीही कलंडली होती. शाई कुठली आणी रक्त कुठलं, ते मला आधी कळलंच नाही.

तुझं १९ तारखेचं पत्र काल आलं. दवाखान्यात त्यांना वाचून दाखवलं, सगळं, बोटांचं सुद्धा. तू म्हणालीस तेच झालं. अनेकवचन. उजव्या हाताचा अंगठा आणी शेजारची दोन. त्यांनी डोळे मिटून घेतले, तर मी पुन्हा वाचलं.

जपून राहा.

आई

*

सुरत, दि. २७ जानेवारी २०२५

चि. प्राजक्ता हिस अनेक उत्तम आशिर्वाद.

उजव्या हाताने लेखन अशक्य झाल्यामुळे हे पत्र तुझ्या आईकडून लिहवून घेत आहे. अपघाताचे कारण तुझा संदिग्ध शब्द होय. 'तळाशी' हा निर्दोष शब्द भाषेत असताना 'खाली' योजणे हा प्रमाद आहे, आणी त्याची मी क्षमा करतो. काल मंडळात माझे भाषण झाले नाही. विमान कोणी

इथपर्यंत ते सांगत होते, प्राजू. आता कागदाकडे बघताहेत. त्यांनी खाली अ. उ. आ. एवढंच सांगितलं होतं. मी पूर्ण लिहिलं. शि त्यांना दिसला आहे. दाखवायला सवयीने उजवा हात उचलतात, मग तो बघतात आणी खाली ठेवतात.

शेवटी त्यांनी डाव्या हाताने स्वतः दोन ओळी लिहिल्या होत्या. पहिल्याच शब्दात वेलांटी सुटली होती. त्या कापून टाकल्या. म्हणून कागद आखूड आहे.

खाली लोभ असू दे, पोरी.

आई