टाकीची डावी बाजू

भाऊजी,

रविवारी ह्यांच्या मागे राहिलेल्या मोटारसायकलसाठी गिऱ्हाईक आणू नका. "वहिनी, टाकीला रंग मारा, हातोहात खपेल," असं तुम्ही म्हणालात, म्हणून स्प्रेचे दोन डबे आणले. उजवी बाजू पॉलिश पेपरने घासून रंगवली. अगदी नव्यासारखी दिसते. मग डावीकडे वळले, तर ह्यांचा गुडघा वीस वर्षं टेकून तिथला रंग उडालेला दिसला. म्हणजे उजवीकडेही तशी खूण असणार. ती मीच पुसली.

शेजारीण म्हणाली, "अहो, गाडी काय एका अंगानेच विकणार?" मी डाव्या बाजूवर वर्तमानपत्र चिकटवलं, चुकूनही त्या खुणेवर फवारा उडू नये म्हणून.

हे पत्र पाठवायचा धीर होत नाही. तुमचा फोन आला की रंग अजून वाळला नाही, एवढंच सांगेन.

तुमची दमलेली
वहिनी