खाल्लेला उपसर्ग

९ जानेवारी, सकाळ

चि. खारूताईस, दादाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक, म्हणजे गोठलेल्या स्थितीत ठीक. नळाला पाणी नाही, बर्फाचा दांडा आहे. दोरीवरचा माझा सदरा काढला तर हात पसरून ताठ उभा राहिला. तुझी वहिनी म्हणाली, ‘घरात निदान एकाला तरी कणा आहे.’ थंडीमुळे शाळा बंद, त्यामुळे संस्कृत ऐकवायला मला तीच उरली आहे. जीभ तिखट होणारच. अण्णा बरे आहेत.

मुख्य बातमी अशी, की आपल्याकडे चोर आहे. मागच्या पडवीतलं सरपण रोज कमी होतंय. रस्ता बर्फानं बंद, टपालवाला तेवढा पायी येतो. नवीन लाकडाची गाडी यायची नाही. पहिला संशय अर्थात शेजारच्या सुतारकाकांवर. त्यांच्या धुराड्यातून फारच समाधानी धूर निघतो.

‘काका, तुमच्याकडे ऊब बरी दिसते हं,’ मी आडून सुरुवात केली.

‘मास्तर, सुतारानं लाकूड चोरायचं म्हणजे तुम्ही व्याकरण उसनं मागण्यासारखं झालं. आधी स्वतःच्या अंगणातले ठसे बघा, मग या.’

बघितले. पडवीतून निघून घराला वळसा घालून पुढच्या दाराशी रोजच्या पावलांत मिसळलेले, स्वच्छ ठसे. आणि बूट माझे! डाव्या टाचेतला वर आलेला खिळा प्रत्येक पावलात अनुस्वार देऊन गेला होता. वहिनीनं ठशांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ‘झोपेत चालता की काय? की सरपण कुणाला नेऊन देता?’ त्या ‘कुणाला’वरचा जोर तू ऐकायला हवा होतास. दोन दिवस आमच्यात चहासुद्धा न बोलता झाला. खरं सांगतो, मलाही माझा भरवसा वाटेना.

काल उजाडताना तुझ्या खोलीच्या खिडकीतून धूर दिसला. धूर तिथे विस्तव, हे आपण लहानपणी घोकलंय. पण तू गेल्यापासून त्या खोलीला कुलूप, आणि किल्ली अण्णांकडे.

दार लोटलं. आत अण्णा. पायांत माझे बूट. शेगडीशेजारी तुझ्या लिंबाची कुंडी, तिला अण्णांची दुलई गुंडाळलेली. तू गेलीस त्याच दिवशी उकिरड्यावर फेकलं म्हणून त्यांनी जाहीर केलेलं तेच झाड. त्यांच्या स्वतःच्या खोलीतली शेगडी मात्र गार. वर ‘अण्णा बरे आहेत’ लिहिलंय, ते खोडत नाही. पण अंगात ताप आहे, आणि खोकला छातीत उतरलाय.

‘चोरी करताना दुसऱ्याचे बूट घालावेत, हे कुठल्या शास्त्रात?’ मी विचारलं.

‘माझे ओले होते.’ मग कुंडीकडे न बघता म्हणाले, ‘तिला लिही, आपलं झाड घेऊन जा म्हणावं. उगाच सरपण खातंय.’

‘“जा” असंच लिहू? की पुन्हा संस्कृतात?’

बोलून गेलो. नोकरीसाठी तू निघालीस तेव्हा उंबऱ्यात उभे राहून ते ‘गच्छ’ म्हणाले होते. मराठीत ‘जा’ म्हणायला त्यांची जीभ वळली नसती. त्यानंतर तुझं नाव या घरात निघालं नाही, आणि मीही ते काढलं नाही.

ते निखारे उकरत बसले. पाठ म्हणताना उपसर्ग गाळला की आपल्याला विचारायचे, आठवतं? ‘कुठे खाल्लास? एक “आ” खाल्लास तर “आगच्छ”चं “गच्छ” होतं, ये म्हटलेला माणूस निघून जातो.’

मग अण्णा पुटपुटले, ‘उपसर्ग खाल्ला होता मी.’

आता सरपण एकाच शेगडीला पुरवतोय. अण्णा आणि लिंबू, दोघांनाही तुझ्याच खोलीत ठेवलंय. अजून भांडलेले नाहीत. औषध चालू आहे, पण ते घेताना तोंड भिंतीकडे करतात. रस्ता उघडला की सुतारकाका स्टेशनवर गाडी घेऊन येतील. माझी माफी त्यांनी अजून स्वीकारलेली नाही, तुझ्यासाठी येतो म्हणाले. झाडाला लिंबू एकही नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

तुझा,
दादा

आ

(हे अक्षर माझं नाही. अण्णांनी लेखणी मागून घेतली.)