वर उचललेली जमीन

प्रिय बोळक्या,

या नावाने हाक मारलेली तुला आता चालते का, माहीत नाही. तिकडे तुला साहेब वगैरे म्हणत असतील. पण दात बनवणाऱ्या बाईच्या पोराचे पुढचे दोन्ही दात एकाच दिवशी सायकलवरून पडून जातात, तेव्हा गल्लीने त्याला दुसरं काय म्हणायचं होतं? काकूंनी तुला नवे दात काही करून दिले नाहीत. खरे येतील म्हणाल्या, आणि ते येईपर्यंत तू शिट्टी वाजल्यासारखा बोलत हिंडलास. हे सगळं मी लिहितेय कारण मुद्द्यावर यायला मला जड जातंय. थोडं सांभाळून घे.

इकडचं म्हणशील तर आईचे गुडघे तसेच. मी अजून त्याच आर्किटेक्टच्या ऑफिसात, लोकांच्या घरांचे नकाशे काढते. सर अजूनही नकाशावर चहाचा कप ठेवतात आणि गोल डाग पडला की मला विचारतात, ही विहीर कुणी काढली. तुझ्या-माझ्यात जे होतं आणि जे राहून गेलं त्याबद्दल या पत्रात काही नाही. ते वेगळं पत्र, आणि ते मी लिहीन असं वाटत नाही. हे पत्र बाबांच्या गॅरेजबद्दल आहे. काकूंनी तुला फोनवर गॅरेजबद्दल काहीच सांगितलं नसणार याची मला खात्री आहे. त्या सांगणाऱ्यातल्या नाहीत.

मोठ्या रस्त्यावरचं बाबांचं वर्कशॉप तुला आठवत असेल, भाड्याचं, पत्र्याचं. ते गेलं. मालकाला तिथे दुकानं काढायची होती. आयुष्यभर ट्रकची इंजिनं उतरवलेला माणूस घरात बसला तर काय करणार? आधी त्यांनी आईच्या मिक्सरचा जीव घेतला. मग सगळ्या दारांच्या बिजागऱ्या काढून, साफ करून, परत बसवल्या, आणि तेव्हापासून आमच्या घरात एकही दार सरळ लागत नाही. आई म्हणायची, यांना कुणीतरी बिघडलेला ट्रक आणून द्या रे, नाहीतर आता माझा नंबर आहे. त्यामुळे मागच्या अंगणात गॅरेज बांधायचं ठरलं तेव्हा आम्हा दोघींना हायसंच वाटलं. नकाशा मीच काढला. घरच्या एका गाडीपुरतं, बारा फूट उंच, कारण नियमात मागच्या अंगणातल्या बांधकामाला त्याहून जास्त उंची चालत नाही. पालिकेने लगेच मंजूर केला. मला शाबासकी मिळाली.

मग बांधता बांधता ते वाढत गेलं. खांब उभे राहिले तेव्हा मी म्हटलं, बाबा, हे जरा उंच वाटतंय. तर म्हणाले, ट्रकचं इंजिन काढायला केबिन पुढे कलंडवावी लागते, ती कुठे कलंडवू, तुझ्या कागदावर? शेवटी ते सोळा फूट झालं, आणि लांबीला मागच्या भिंतीपासून पार आमच्या स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आलं. सगळं तुमच्या बाजूला. तुमच्या मागच्या खोलीच्या खिडकीसमोर.

ती खिडकी म्हणजे काय हे तुला सांगायला नको. पण ज्या घरात तू वाढलास त्यातल्या गोष्टी तू किती बघितल्यास, मला शंका आहे, म्हणून सांगतेच. कवळी करायला उजेड लागत नाही फारसा. पण पुढच्या एका दाताची कॅप करायची असेल तर ती शेजारच्या खऱ्या दाताशी जुळावी लागते, आणि पांढऱ्यात किती पांढरे असतात हे काकूंकडूनच ऐकावं. कुणाचा दात दह्यासारखा, कुणाचा जुन्या कागदासारखा, कुणाचा टोकाला जरासा निळा. ट्यूबलाइटखाली सगळे सारखेच दिसतात. टेबलावर जुळलेली कॅप तोंडात गेली की उसनी आणल्यासारखी वाटते. म्हणून रंग ठरवायचा तो त्या खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात. लहानपणी मी तिथे स्टुलावर बसायचे आणि काकू मला आ करायला लावून नमुन्याचे दात माझ्या दातांशेजारी धरून बघायच्या. फूटपट्टी हे नाव त्यांनीच ठेवलं मला, मी सरळ बसायचे म्हणून.

तर काकू आल्या होत्या, खांब उभे असतानाच. भांडायला नाही. म्हणाल्या, छप्पर माझ्या बाजूला जरा उतरतं घेता येईल का? बाबा म्हणाले, बघतो ना वहिनी. तेव्हा ते मनापासून म्हणाले असं मला अजूनही वाटतं. पण उतरतं घेतलं तर केबिनचा प्रश्न येत होता. छप्पर जसं ठरलं होतं तसंच चढलं. मग काकूंनी पालिकेत तक्रार दिली.

बाबांना ते लागलं. इतक्या वर्षांचा शेजार, तिच्या नवऱ्याला मी खांदा दिलाय, हे सगळं निघालं. तोंडावर बोलणं बंद झालं आणि कुंपणाशी बोलणं सुरू झालं. बाबा अंगणात हातपाय धुताना मोठ्याने म्हणायचे की काही लोकांना दुसऱ्यांचे दात मोजायची सवयच असते. यावर पलीकडून काकूंनी आईला हाक मारून सांगितलं, अहो, त्यांना म्हणावं माझ्याकडे अक्कलदाढही मिळते, फुकट बसवून देईन. आई घरात येऊन इतकी हसली की तिला बसावं लागलं. तेव्हा आम्ही हसू शकत होतो. वाटत होतं, मिटेल.

आता जे लिहितेय ते मी आईलाही सांगितलेलं नाही, म्हणजे ती तिथेच होती, पण तिला ते लक्षातही नसेल. जेवताना बाबा चिडचिड करत होते. इन्स्पेक्टर येणार, मोजणार, चार फूट पाडायला लावणार. मी ऑफिसातून दमून आले होते आणि मला जरा शहाणपणा दाखवायचा होता. मी म्हटलं, नियमात उंची लगतच्या जमिनीपासून मोजतात. गॅरेज खाली येत नसेल तर जमीन वर घ्या. आई हसली. मीही हसले. बाबा हसले नाहीत. त्यांनी घास चावायचा थांबवला आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं मी परीक्षेत पहिली आल्यावर बघितलं होतं.

दोन-तीन दिवसांत मातीचा पहिला डंपर दारात उभा होता. मग येतच राहिले. कुठेतरी पाया खणत होते, त्यांना माती टाकायला जागा हवीच होती. ट्रक आत उतरवायला दारापुढे उतार सोडून गॅरेजच्या बाकी सगळ्या बाजूंनी चार फूट भराव घातला, रोलरने दाबला, वर तयार हिरवळ आणून अंथरली, सतरंजीसारखी गुंडाळून येते ना तशी. तिचे सांधे दिसत होते. आमच्या अंगणात आता उभं राहिलं की कुंपणाची भिंत जेमतेम गुडघ्याला लागते आणि तुमचं स्वयंपाकघर खाली, खड्ड्यात असल्यासारखं दिसतं. मी बाबांना म्हटलं की मी गंमत केली होती. ते म्हणाले, असू दे गं, गंमत कामाला आली.

इन्स्पेक्टर आला तेव्हा मी घरी होते. मुद्दाम थांबवलं होतं मला. त्याचा बूट त्या हिरवळीत घोट्यापर्यंत रुतला, त्याने तो उपसून काढला, तळ बघितला. काकू त्यांच्या मागच्या दारात उभ्या होत्या, पदराला हात पुसत, बोटांना पांढरी पावडर. इन्स्पेक्टरने टेप लावली. बारा फूट. त्याने बाबांकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. त्याला माहीत होतं मी कुठे काम करते, आमच्या ऑफिसचे नकाशे त्याच्याच टेबलावर जातात. त्याने विचारलं, मॅडम, मूळची लेव्हल हीच ना? आणि मी हो म्हटलं. एवढंच. एका अक्षराचा तर शब्द. त्याने लिहून घेतलं, आणि जाताना काकूंना समजावल्यासारखं म्हणाला की नियमात बसतंय बाई, उजेडाचा काही नियम नाही.

काकूंनी आत जाऊन मागचं दार लावून घेतलं. संध्याकाळी मी कचरा टाकायला गेले तर त्या फाटकाशी होत्या. मला वाटलं, आता तोंड फिरवतील. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "चला, तुम्ही मुलं शिकलात त्याचा कुणालातरी उपयोग झाला." टोमणाच होता, पण आवाज इतका मऊ होता की मला तो टोमणा आहे हे घरात आल्यावर कळलं. मग कळतच राहिलं.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते लिहिताना मला माझंच अक्षर बघवत नाही. भराव भिंतीला टेकलाय. आमच्या छपराचं पाणी त्यात मुरतं आणि तुमच्या मागच्या खोलीत निघतं. दातांचे साचे करायच्या पावडरची पोती भिजून दगड झाली, काकूंनी ती दारासमोर पायरीसारखी रचून ठेवलीत. खिडकी हिरवी पडलीय. भर दुपारी आत दिवा असतो. पहिल्यांदा, ज्यांना त्या दात करून देतात त्यातल्या एका डॉक्टरने कॅप परत पाठवली, रंग जुळत नाही म्हणून. असं कधी झालं नव्हतं त्यांच्या हातून. मग दुसऱ्याने. आणि मग एकदा मी जेवायच्या सुट्टीत घरी येत होते तर काकू रस्त्यावर उभ्या. अगदी मधोमध, जिथे कुठल्याच घराची सावली पोचत नाही तिथे. चिमट्यात एक दात धरून आभाळाकडे हात उंच केलेला. एक रिक्षावाला हॉर्न देत थांबला होता, पोरं हसत होती, आणि त्या डोळे बारीक करून बघत होत्या, कुणाची फिकीर न करता. मला बघून म्हणाल्या, ये गं, जरा आ कर, तुझ्या दाताशी लावून बघते, तुझे मला पाठ आहेत. मी उभी राहिले. भर रस्त्यात आ करून. त्यांच्या बोटांना लवंगेचा वास येत होता, नेहमीसारखा. बाबा अंगणात, त्या उंचावर, ट्रकवाल्याशी बोलत होते. त्यांनी आमच्याकडे बघितलं आणि पाठ केली. त्यांनाही लाज वाटते, बोळक्या. पण त्या गॅरेजमध्ये आता दोन ट्रक उभे असतात, दोन फिटर परत आलेत, आणि ते रात्री शांत झोपतात. बिजागऱ्यांना हात लावत नाहीत. हेही खरं आहे आणि ते मला तुझ्यापासून लपवायचं नाही.

आता हे पत्र का, ते. बाबांनी काकूंना विचारलंय की घर आम्हाला द्या. अगदी आपुलकीने विचारलं. एकट्या राहता, ओल आलीय, मुलाकडे जा, नातवंडं होतील. बाबांना तिथे रंगकामाचं शेड टाकायचंय. काकू हो म्हणाल्या. तुला त्यांनी फोनवर सांगितलं असेल की डोळे गेले आता, काम होत नाही, घर आवरते. डोळ्यांचं खोटं आहे. त्यांचे डोळे ठणठणीत आहेत, रस्त्याच्या त्या टोकावरून मला ओळखतात. घर तुमच्या दोघांच्या नावावर आहे, म्हणून कागद तुझ्याकडेही येतील, बहुतेक याच आठवड्यात. सही करू नकोस. मी परवा पालिकेत जाऊन त्या इन्स्पेक्टरला सांगून आले की लेव्हल ती नव्हती, मी खोटं बोलले, आणि जमीन वर घ्यायची कल्पनाही माझीच. त्याने फाईल काढून बघितली. मग म्हणाला, पुन्हा मोजायचं तर शेजारच्या मालकाचा अर्ज हवा, तुमचा चालत नाही. मी काकूंकडे गेले. त्या म्हणाल्या, "तुला तुझ्या बापासमोर उभी करून मला खिडकी नको." आणि मला चहा दिला. त्यांच्याकडून अर्ज येणार नाही. पण दुसरा मालक तू आहेस. अर्ज तू दे, साक्ष मी देईन, माझ्या बाबांसमोर उभी राहून. त्यांना मी अजून सांगितलेलं नाही. हे पत्र पेटीत टाकलं की घरी जाऊन सांगणार आहे, म्हणजे मागे फिरता येणार नाही. माझ्यावर विश्वास ठेवायचं तुला काही कारण नाही, म्हणून सहीच्या आधी एकदा येऊन बघ. फक्त तुझ्या नेहमीच्या सवयीने रात्रीच्या गाडीने येऊन पहाटेच्या गाडीने जाऊ नकोस. रात्री सगळ्यांच्याच घरात दिवे असतात, तुला काही कळणार नाही. दुपारी ये. मागच्या खोलीत जा आणि दिवा बंद कर.

तोंड दाखवायची लाज वाटत असली तरी त्या दुपारी फाटकाशी उभी असेन, तुझीच,
फूटपट्टी