सातच प्रती

सर, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि मी अजून तुमच्याशी भांडतेच आहे. आता मी बुलढाण्यातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात कॉम्प्युटरचं सगळं बघते. आज सकाळी तिथल्या नव्या सर्व्हरवर बॅकअप लावत होते. पेशंटच्या नोंदींचा रोज आपोआप स्नॅपशॉट घेणारा, म्हणजे त्या घटकेला जे जसं आहे त्याची तशीच प्रत काढून दुसऱ्या डिस्कवर ठेवणारा प्रोग्राम. तुम्हीच शिकवला होतात. कमांडची एकच ओळ, तिला दोन-दोन आडव्या रेघा देऊन एकेक ऑप्शन जोडायचा: कुठून घे, कुठे ठेव, किती प्रती राख. 'किती प्रती'पाशी माझी बोटं थांबली आणि तुमचा असा संताप आला की शेजारची नर्स म्हणाली, "काऊन मॅडम, बिघडलं का काही?"

तुम्ही पुण्याहून आमच्या कॉलेजात आलात ते गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांचं बोलणं रेकॉर्ड करून जपायचं ठरवूनच. ग्रंथालयामागची ती कोंदट खोली, एक कॉम्प्युटर, तुम्ही आणि तुमची मदतनीस म्हणून मी. एकदा तुम्ही देऊळघाटला आमच्या घरी आलात. आई चुलीपुढे भाकरी थापते आहे, तुम्ही खाली मांडी घालून रेकॉर्डर तिच्यापुढे धरला आहे. आई गावातल्या बायकांची बाळंतपणं करायची. कोणाचं बाळ गोठ्यात झालं, कोणाचं दवाखान्याच्या वाटेवर बैलगाडीत, हे ती तासभर सांगते. कोणत्या घरांनी तिच्या हातून बाळ घेतलं पण तिच्या हातचं पाणी कधी घेतलं नाही, तेही सांगते, आणि सांगता सांगता हसते. मग थांबून विचारते, "पण काहो सर, माह्या बोलण्याचं करता काय तुम्ही?" तुम्ही म्हणता, "जपून ठेवणार, मावशी. तुमच्या नातवंडांची नातवंडं ऐकतील." आणि तिच्या हातची भाकरी तुम्ही मागून घेता, ठेच्यासकट. त्या दिवशी तुमच्याइतका मोठा माणूस मी पाहिला नव्हता. ही एक गोष्ट घडली नसती तर तुमच्यावर रागावणं सोपं गेलं असतं.

कारण पुढच्याच महिन्यात तुम्ही प्राचार्यांना आणि सगळ्या प्राध्यापकांना बोलावून तो बॅकअप दाखवलात. रोज दुपारी दोन वाजता एक प्रत, शेवटच्या सात ठेवायच्या, आठवी आली की सगळ्यात जुनी पुसायची. मी उभी राहिले. म्हटलं, "सर, मले वाटते सात कमी आहेत. मूळ डिस्कच बंद पडली तं हा रिकाम्या फोल्डरच्याच प्रती काढत राहते. सात दिवस कोणी पाह्यलं नाही तं चांगली एकही उरत नाही." तुम्ही चष्म्यावरून बघितलंत आणि म्हणालात, "आधी 'मले'चं 'मला' कर, मग मला शिकव." सगळे हसले. प्राचार्यही हसले. मी खाली बसले. आमची बोली जपायला आलेला माणूस! आईचं 'माह्या' तुम्हाला रेकॉर्डरमध्ये हवं होतं, माझं 'मले' मात्र तुमच्या बैठकीत नको होतं. आणि हे पत्रसुद्धा मी तुमच्याच भाषेत लिहिते आहे, इतकं ते आत बसलं आहे.

मग तुम्ही आजारी पडलात, अकोल्याच्या दवाखान्यात दीड महिना काढलात आणि गेलात. त्याच उन्हाळ्यात आईही गेली. तिचं रेकॉर्डिंग मी ऐकलं नाही, धीर होत नव्हता. घाई काय, जपलेलंच आहे, असं वाटायचं. दिवाळीच्या सुट्टीत मूळ डिस्क मेली. कॉलेज बंद, कॉम्प्युटर चालू. तुमची ओळ रोज दोन वाजता रिकाम्या फोल्डरची प्रत काढत राहिली आणि भरलेली एकेक प्रत पुसत राहिली. सुट्टी संपवून मी आले तेव्हा सात प्रती रांगेत होत्या, सातही रिकाम्या, आणि प्रत्येकीपुढे 'यशस्वी'. मेलेली डिस्क, आतलं काही निघतं का बघायला, पुण्याला पाठवली, ती तशीच परत आली. रेकॉर्डरची कार्डं तर तुम्ही पुसून पुन्हा वापरायला लावायचात.

काही दिवसांनी धाड गावाहून एक शेतकरी आला, जीपने, नवा पेनड्राइव्ह खिशात घेऊन. "मॅडम, माह्या बाचा आवाज द्या ना भरून. वर्षश्राद्धाले ऐकवतो सगळ्याईले." मी त्याला खरं सांगितलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं. पेनड्राइव्ह टेबलावर ठेवून म्हणाला, "राहू द्या इथंच, सापडला तं भरा." चौकशी झाली तेव्हा मी सांगितलं, "ती ओळ सरांनी लावली होती. मला तिला हात लावायची परवानगी नव्हती." सगळ्यांनी मान डोलावली. ती बैठक सगळ्यांना आठवत होती.

आज मी रोजच्या प्रतींबरोबर आठवड्याच्या राखल्या, महिन्याच्या राखल्या, मूळ जागा रिकामी दिसली तर काहीही न पुसता थांब आणि मला कळव असा ऑप्शन घातला. आधी नुसती चाचणी घेतली, मग खरी कमांड दिली. दहा मिनिटांचं काम. दहाच मिनिटांचं, सर!

अकोल्याहून तुम्ही मला एकदा फोन केला होता. आवाज पार खोल गेलेला. पासवर्ड सांगितलात आणि म्हणालात, "ते प्रतींचं तू म्हणत होतीस ना, ते करून टाक." मी कानाला फोन लावून थांबले, त्या बैठकीबद्दल एखादा शब्द निघेल म्हणून. तुम्ही फोन ठेवलात. दुसऱ्या दिवशी मी नवी ओळ लिहिली, तपासली, बरोबर होती. आणि मग खोडली. माफी मागितली नाहीत ना, मग राहू दे तुमची चूक तुमच्या नावावर, असं मनात म्हणाले आणि जेवायला गेले. त्यानंतर सात-आठ महिने रोज त्याच खुर्चीवर बसत होते.

परवानगी होती, सर. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही.