लाल खुंट्यांवर बोंबील

धाकटी डहाणू, चैत्र वद्य पंचमी, १९५९

आज हसू आवरत नाही. दर पावसाळ्यात समुद्र आमचं बोंबील वाळवायचं अंगण खातो, नि आम्ही काठ्या घराकडे सरकवतो. तिथं दगडी बंधारा घालायला सरकारी माणसं परवा लाल खुंट्या ठोकून गेली. आमच्या हिनं त्या खुंट्यांनाच दोरी बांधून बोंबील टांगले. सकाळी बंधाऱ्याचे साहेब आले, मी घाबरलोच.

"आजी, खुंट्या हलवल्या नाहीत ना?"

"हलवते कशाला? बोंबील बसवलेत राखणीला."

साहेब पोट धरून हसले. "असू द्या. सोमवारी दगड येतोय, तेव्हा काढा."

सरकारी काम, सहा महिने थांब. येईल खरंच? दोनदा जाऊन लाल खुंट्या बघून आलो. संध्याकाळी हिनं काठ्या उपटल्या, नि पहिल्यांदाच समुद्राकडे सरकवून रोवल्या.