बुधवारचा उपवास

राहू,
१४ डिसेंबर २०२५

प्रिय सायली,

सप्रेम जय भीम. शिरूरला थंडी कशी आहे? सासूबाईंचा गुडघा बरा झाला का? इकडे ठीक आहे. आमच्या ह्यांची कुरकुंभला फर्स्ट शिफ्ट चालू आहे, त्यामुळे संध्याकाळी तरी घरात बोलायला माणूस असतं.

परवा तू फोनवर विचारलंस, "चांगुणाताई, तुझ्याकडची सावड कशी झाली?" मी रेंज नाही म्हणून फोन ठेवला. रेंज होती.

सावड छान चालली आहे. लग्नाआधी तू घडी बसवून दिलीस तशीच. आज हिच्या रानात, उद्या तिच्या, मजुरी कुणी कुणाला द्यायची नाही आणि जिची पाळी तिच्या घरी सगळ्यांनी जेवायचं. तुमच्या आळीतल्या सात जणी आणि आमच्या बुद्धवाड्यातली मी एकटी. जेवणाचं राहू दे, असं मी तेव्हाच म्हटलं होतं. तू ऐकलं नाहीस. एकत्र जेवलो नाही तर ते नुसतं काम, म्हणालीस. सातही घरी मी जेवले, हेही सांगते. ओट्यावर का होईना, पोटभर.

गेल्या बुधवारी माझी पाळी होती. गुरुवारी बायकांना मार्गशीर्षाचा उपवास, म्हणून मुद्दाम बुधवार धरला. ना एकादशी, ना चतुर्थी. पहाटे उठून बेसनाच्या मासवड्या केल्या, रस्सा केला.

सगळ्या वेळेवर आल्या. कांदा असा खुरपला की गवताचं पातं ठेवलं नाही. जेवायला हाक मारली तर एक म्हणाली, "आज उपास हाय गं." मग दुसरी, मग सगळ्याच. माझ्याकडे कुणी बघेना. डबेही आणले नव्हते गं त्यांनी. दिवसभर उपाशी राहून माझं रान खुरपून दिलं. अशांवर राग तरी कसा धरायचा? पण आला. अजून आहे.

दुपारी एकीला भोवळ आली. मी गूळ-शेंगदाणे घेऊन धावले. म्हटलं, "मावशी, उपासाला चालतंय की." त्या माझ्या हाताकडे बघत म्हणाल्या, "नगं बाई, आज पाणीबी न्हाई घ्यायचं." मी पाठ वळवली आणि मागं बघितलं, तर मावशी सावडीतल्याच धनश्रीच्या बाटलीतलं पाणी पीत होत्या.

सायली, ती तुझी आई होती. पहिल्यांदा उपास म्हणणारीही तीच.

संध्याकाळी ह्यांनी झाकलेली पातेली बघितली. "बुधवारी कसला उपास?" एवढंच बोलले आणि जेवायला बसले. दोन दिवस आम्ही तेच खाल्लं.

शुक्रवारी सावडीच्या ग्रुपवर धनश्रीचा मेसेज आला, "हितनं पुढं जिनं तिनं आपली भाकरी आणावी, सगळ्यांचीच सोय." सगळ्यांनी अंगठे टाकले. मीही टाकला.

मंगळवारी तुझ्या आईच्या रानात जायचं आहे. जाईन, दिवस फेडायचा आहे. माझी भाकरी बांधून नेईन. पण काढणीला माझी पाळी आली की मी पुन्हा सगळ्यांचा स्वयंपाक करणार आहे. झाकून ठेवीन. उचलायचं झाकण त्यांनी उचलावं.

आईला यातलं काही बोलू नकोस. बोललीस तर सगळ्याच यायच्या बंद होतील, आणि मला त्यांचे हात लागतात. हे लिहायची लाज वाटते, तरी लिहिते.

अजून सावडीत असलेली,
तुझी चांगुणाताई